बर्फाने मोजलेली खोली

त्या माणसाने मला एकदाही भाव करू दिला नाही. तो जाऊन दोन पावसाळे झाले, तरी माझ्या मनातला हा राग काही गेलेला नाही.

मी आंब्याच्या खोक्यांचा व्यापारी. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या कलमांतून डोक्यावरून पेट्या वाहिल्या, आणि आज देवगडच्या आसपासच्या बऱ्याच बागायतदारांना खोकी माझ्याकडून जातात. हे सगळं मी भाव करून मिळवलं. देवळाबाहेर नारळ घेतानाही मी भाव करतो. लेकीचं लग्न ठरवताना जेवणाच्या पानांवरून विहिणीशीसुद्धा केला. समोरचा आकडा सांगतो, मी हसतो, तो थोडा खाली येतो, मी थोडा वर जातो, आणि मग दोघं मिळून चहा पितो. माणसाची ओळख अशीच होते, असं मी मानतो. हा म्हातारा त्या खेळात उतरायलाच तयार नसे.

त्याला सगळे मेस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्याने मासेमारीच्या बोटींवर बर्फाचे खण बांधले. मोठी बोट समुद्रात गेली की आठ-दहा दिवस परतत नाही. तोवर पकडलेली मासळी बर्फात ठेवावी लागते, आणि तो बर्फ टिकावा म्हणून बोटीच्या पोटात फळ्यांच्या दुहेरी भिंतींचा खण असतो. दोन फळ्यांच्या मधे गरमी अडवणारं भरताड ठासलेलं असतं. म्हाताऱ्याने बांधलेल्या खणात बर्फ दोन दिवस जास्त राहतो, असं बंदरावर बोललं जाई. पुढे फायबरच्या बोटी आल्या, तयार खण आले, आणि म्हातारा जमिनीवर आला. लोकांच्या राहत्या घरांच्या भिंतींना तो बाहेरून अस्तर लावू लागला. बोटीत थंडी आत कोंडायची आणि घरात ऊन बाहेर अडवायचं, एवढाच त्याच्या लेखी फरक.

"खण तोच," तो म्हणे. "फक्त आतलो भायर केलो."

उंच, वाळलेला, खाकी अर्धी चड्डी, कानाला पेन्सिल. जुन्या स्कूटरवर पायाशी गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. त्या गोणपाटातून पाणी गळत असे, त्यामुळे स्कूटरच्या मागे रस्त्यावर एक ओली रेघ उमटे. आज मेस्त्री कुणाकडे गेलाय, ते विचारावं लागत नसे. रेघ सुकायच्या आत तिच्या मागे गेलं की तो सापडे.

घर तपासायची त्याची रीत एकच. खोलीची दारं-खिडक्या लावायची, मधोमध गमेलं ठेवायचं, त्यात दोन लाकडी पट्ट्यांवर दोन विटांएवढा बर्फाचा तुकडा. मग पाटावर बसून तो वितळायला किती वेळ लागतो ते बघत राहायचं. घरातली माणसं बाहेर खोळंबलेली असत. कुणी आत डोकावून बोलायला गेलं की तो हात वर करून गप्प बसवी. माणसाच्या अंगाचीही गरमी असते म्हणून खोलीत एकच माणूस बसणार, आणि तो माणूस म्हणजे हा. दिवसभर बर्फाशी खेळणारा हा गृहस्थ गार पाणी मात्र कधी प्यायला नाही. भर दुपारी वाफाळती पेज प्यायचा आणि घाम पुसत म्हणायचा, "आता बरा वाटता."

दुसरी खोड भिंतीला गाल लावायची. लग्नाला गेला तरी मांडव सोडून यजमानाच्या पश्चिमेच्या भिंतीला गाल लावून उभा. एकदा आमच्या आळीत एक म्हातारी गेली, तेव्हा हा भेटायला आला. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि हा उठून भिंतीपाशी गेला, गाल लावला आणि तिच्या मुलाला म्हणाला, "ही भिंत सांजेक तापता. म्हातारी हंयच निजत होती मां?"

मुलगा रडत होता, तो रडायचा थांबला. मला वाटलं, आता याला धक्के मारून बाहेर काढणार. पण बाराव्यानंतर त्याच मुलाने त्याला बोलावून ती भिंत करून घेतली. तिथे आता त्याचे वडील निजतात.

माझी आणि त्याची पहिली गाठ माझ्या गोदामात पडली. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस भिंतीत मुरायचा आणि पुठ्ठ्याची खोकी मऊ पडायची. मी त्याला बोलावलं. त्याने भिंत बघितली आणि विचारलं, "हंय निजता कोण?"

"कोण नाय. खोके आसत."

"मगे खोक्यांका सांग, माका बोलवूक," म्हणाला आणि स्कूटरला लाथ मारून गेला.

किती घ्याल, असं विचारायलाही त्याने सवड दिली नव्हती. नंतर कळलं, तो प्रत्येक ठिकाणी आधी हेच विचारतो आणि उत्तर ऐकून मगच आकडा सांगतो. म्हातारं माणूस निजत असेल तर कमी, नुसता टीव्ही असेल तर जास्त. कुणकेश्वरला एका लॉजवाल्याने सांगितलं की खोल्यांत पाहुणे निजतात. याने विचारलं, "ते तुका पैशे देतत?" तो म्हणाला, देतात. "मगे तूय माका दी," म्हणून याने असा आकडा सांगितला की लॉजवाला खुर्चीत बसला. एकदा आकडा सांगितला की बर्फासारखा थंड. मग तुम्ही हसा, रागवा, उठून जायचं नाटक करा, चहा मागवा. तो पेन्सिल कानाला लावून तुमच्याकडे बघत राही, जणू तुम्ही किती वेळात वितळता ते मोजतोय.

आता माझ्या घराविषयी सांगायला हवं. सड्यावर, उघड्या कातळावर, मी दुमजली घर बांधलं. चिऱ्याच्या भिंती, वरून सिमेंटचा गिलावा, तोंड पश्चिमेला, समोर समुद्र. रस्त्याच्या बाजूला पश्चिमेच्या भिंतीवर हातभर उंचीची सिमेंटची अक्षरं काढून घेतली आणि त्यांना सोनेरी रंग दिला: स्वकष्ट. वळणावर आलेल्या एसटीतून ते नाव वाचता येई. नाव वाचून कुणी माझ्याकडे बघितलं की मला सोळा वर्षांचा मी आठवायचा. झाड मात्र आसपास एकही ठेवलं नव्हतं, कारण मग समुद्र दिसला नसता आणि नावही दिसलं नसतं.

माझी एकुलती एक लेक सावंतवाडीला दिलेली. सासरचे सगळे शिक्षक, घराभोवती फणस, सुपारी, गर्द सावली. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात ती माहेरपणाला आली आणि तिसऱ्या दिवशी अंगभर घामोळं घेऊन परत गेली. पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. चैत्राच्या अखेरीची तारीख होती. तेवढ्यात विहिणीचा फोन आला. शाळेत शिकवल्यासारखं प्रत्येक अक्षर सुटं करून त्या म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुमच्याकडे फार तापतं हो. हिचं बाळंतपण इकडेच करावं म्हणते मी."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि समोरचा पाण्याचा तांब्या लाथेने उडवला. बायको स्वयंपाकघरातून आली. तिने तांब्या उचलला, फरशी पुसली आणि लेकीसाठी ठेवलेली खालची खोली उघडून उंबऱ्यावर बसली. त्या खोलीची एक भिंत पश्चिमेची. वर दुसरा मजला असल्यामुळे छपराचा ताप नव्हता, सगळी आग त्या भिंतीची. एसी लावून झाला होता. मार्चपासून आमच्याकडे वीज दुपारी असते-नसते, आणि असते तेव्हा तिच्यात एसी ओढण्याइतका जीव नसतो.

शेवटी मी म्हाताऱ्याला बोलावलं. तो तीन वाजता आला, बर्फ ठेवला आणि दार लावून घेतलं. दिवेलागणीला बाहेर आला तेव्हा गमेल्यात पाणी होतं. त्याने मला आत नेऊन माझा हात भिंतीवर टेकवला. ऊन केव्हाच कललं होतं आणि भिंत तव्यासारखी होती.

"भिंत दुपारी खाता नि सांजेक ओकता," तो म्हणाला. "तुझी लेक हंय निजली तर ओकारी तिच्या आंगार."

मग त्याने काम सांगितलं. बाहेरून अख्ख्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या. पट्ट्यांच्या मधे चुन्याच्या निवळीत बुडवून वाळवलेल्या काथ्याच्या जाड गाद्या बसवायच्या. त्यावर सिमेंटचे पत्रे, पण काथ्याला चिकटून नाहीत, मधे दोन बोटं मोकळी जागा ठेवून. खालून वारा शिरेल, वरून निघेल, आणि पावसाळ्यात आत ओल धरणार नाही.

मी म्हटलं, "अख्ख्या भिंतीवर? थंय माझा नाव आसा."

"झाकतला."

"नाव सोडून बाकीची भिंत करा."

"नाव सोडलंय तर नावातसून ऊन येतला. उनाक वाचूक येणा नाय."

माझं डोकं फिरलं. ते नाव काय आहे हे मी त्याला मोठ्या आवाजात सांगितलं. डोक्यावरच्या पेट्या सांगितल्या, मानेवरचा घट्टा दाखवला. तो ऐकत होता, म्हणजे माझ्याकडे बघत होता. मी बोलून दमलो तेव्हा म्हणाला, "निजतली लेक की नाव?"

मी त्याला अंगणाच्या बाहेर काढला. हाताला धरून काढला, हे मी लपवत नाही. तो गेला, पण फाटकातून वळून म्हणाला, "गमेल्यातला पाणी झाडाक घाल. फुकट घालव नको." आमच्याकडे झाड नाही हे त्याला चांगलं दिसत होतं.

मग मी माझं डोकं चालवलं. गरमी अडवायला थर्माकोल चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंदरावर मासळी भरायच्या थर्माकोलच्या पेट्या असतात, कडा तुटल्या की त्या टाकून देतात. माझी तिथे ओळख. टेम्पोभर तुटक्या पेट्या मी जवळजवळ फुकटात उचलल्या. भाव करताना जो आनंद झाला तो आठवला तरी आता चीड येते. पेट्या फिनेलने दोनदा धुतल्या, कापून सपाट केल्या, खोलीच्या आतून भिंतीला लावल्या आणि वरून प्लायवूड मारून पांढरा रंग दिला. बाहेर नाव जसंच्या तसं. बायकोला म्हटलं, याला म्हणतात अक्कल.

तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी दुपारी भिंत तापली आणि प्लायवूडच्या मागून बांगडे बाहेर आले. वास पातळ होता, पण पक्का होता. पाचव्या दिवशी मांजरं आली. आधी दोन, मग चार, मग सात. खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून ओळीत बसत, सिनेमा बघायला आल्यासारखी. हाकलली की खिडकीतून परत. एक बोका प्लायवूडला कान लावून बसे.

"लेक बाळंतपणाक येवची आसा, की हंय मासळीबाजार भरवूचो आसा?" बायको म्हणाली. महिनाभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पेट्या उचकटून काढायच्या आधीच लेक आणि विहीण खोली बघायला आल्या. मी त्यांना अंगणातच सरबत देऊन वेळ काढत होतो, पण लेक आईला शोधत सरळ खोलीत गेली. सात मांजरांनी एकदम वळून तिच्याकडे बघितलं. तिने तोंडावर पदर दाबला आणि न्हाणीघराकडे धावली. विहिणीने भिंत बघितली, मांजरं बघितली. निघताना एवढंच म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत काय ते ठरवा. त्यानंतर मी तिला प्रवास करू देणार नाही." लेक गाडीत बसली आणि काच खाली करून माझा हात घट्ट धरून ठेवला. गाडी सुरू झाली तरी सोडला नाही. मी चार पावलं गाडीबरोबर चाललो.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. बंदराच्या वरच्या अंगाला मातीचं बुटकं घर, एकटाच राहायचा. त्याची पश्चिमेची भिंत मी पहिल्यांदा बघितली. गोधडीसारखी होती. एक चौकोन काथ्याचा, एक भाताच्या तुसाचा, एक भुशाचा, एक जुन्या शिडाच्या कापडाचा, आणि प्रत्येकाखाली खडूने काहीतरी लिहिलेलं. रोज तिन्हीसांजेला तो प्रत्येक चौकोनाला गाल लावून बघायचा म्हणे. खालच्या कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या, थर्माकोलच्या चौकोनासमोर एक मांजर बसलेलं होतं.

मी मांजराकडे बघितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"इलंस?"

"इलंय."

"मांजरा किती?"

"सात."

"माझ्याकडे येकच," तो म्हणाला, आणि पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवली. त्याने दुसरं काही विचारलं नाही, म्हणून त्याच्यावरचा माझा निम्मा राग तिथे विरला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला.

पेज पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "आता सांग. थंय निजतला कोण?"

"माझी लेक. नि पुढच्या महिन्यात बाळ."

"बाळाचे पैशे मी घेणंय नाय. लेकीचे तेवढे दी." आणि त्याने आकडा सांगितला. वाजवी होता. वाजवी आकड्यावरही माझं तोंड आपोआप उघडतं. त्याने हात वर केला, खोलीत बर्फ ठेवल्यावर करायचा तसा. पण मीही मी आहे.

"तुमी बर्फाच्या गजाली करतास मां? मगे बर्फावरच ठरवया. तीन वाजता ठेवया. देवळातली आरतीची घंटा होयसर बर्फ रवलो तर सगळे पैशे. आधी वितळलो तर एक पैसो नाय."

त्याने माझी रिकामी वाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "ह्यो भाव न्हय, ही पैज. बरा."

आठ दिवस काम चाललं. पहिली पट्टी त्याने नेमकी नावावर ठोकली. मला वाटतं, मुद्दाम. मी तेव्हा गोदामात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा भिंत राखाडी पत्र्यांची झाली होती आणि वळणावरची एसटी माझं घर न वाचता पुढे गेली. एका ओळखीच्या बागायतदाराने फोन करून विचारलंसुद्धा, "घर इकलंस काय रे?"

पाडव्याला चार दिवस होते. म्हाताऱ्याने तीन वाजता बर्फ ठेवला आणि म्हणाला, "आज तू बस. घर तुझा." स्वतः मागच्या पडवीत जाऊन आडवा झाला.

मी पाटावर बसलो. समोर गमेल्यात बर्फ, डोक्यावर बंद पंखा, आणि त्या दिवशी नेमकी वीज होती. व्यापाऱ्याला बर्फाबरोबर एकटं सोडू नये. तासाभराने मी बघितलं, बर्फाचे कोपरे जेमतेम गोल झाले होते. म्हणजे हा टिकणार. म्हणजे मी हरणार, एकदाही भाव न करता. आणि मी उठून पंखा लावला. वाऱ्याने बर्फ झरझर वितळतो हे कुणालाही कळतं. गमेल्यात पाणी वाढायला लागलं. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, सासूबाई विचारतत, खोलीचा काय झाला?"

"चल्लाहा काम," मी म्हटलं.

"माका खरा सांगा. मी येव की हंयच रव?" मग आवाज बारीक करून, कुणी ऐकू नये अशी म्हणाली, "माका येवचा आसा, बाबा. माका आईकडे येवचा आसा."

मी म्हटलं, रात्री सांगतो. फोन ठेवला, धावत जाऊन पंखा बंद केला. बर्फ अर्ध्याच्या खाली आला होता. बाहेर आरतीला अजून खूप वेळ. मला काही सुचेना. दारामागे त्याचं गोणपाट पडलं होतं, ते उचललं आणि बर्फाला चारी बाजूंनी गुंडाळलं. वरून हात धरून बसलो, एखाद्या तापातल्या पोराला पांघरूण घालून बसावं तसा. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच विरुद्ध लबाडी करत होतो आणि पकडला जाऊ नये म्हणून देवाची करुणा भाकत होतो.

दार उघडलं. म्हाताऱ्याने गोणपाट बघितलं. मग फरशी बघितली. गमेल्याच्या भोवती बारीक थेंब लांबवर उडालेले होते.

"आधी पंखो लावलंस," तो म्हणाला. "मगे गोणपाट घातलंस. तुका बर्फ होयो की नको, ता आधी ठरव."

मी ओले हात गुडघ्यांना पुसले.

त्याने गोणपाट काढून बाहेर फेकलं. "बाळाक काय गोणपाटात गुंडाळून ठेवतलंस? दोनय लबाड्या फिटल्या. आता गप बस." आणि खोलीत एकच माणूस हा स्वतःचा नियम मोडून तो माझ्या शेजारी फरशीवर बसला.

आम्ही दोघं त्या बर्फाकडे बघत बसलो. ऊन उतरलं, खोलीत अंधारून आलं, दिवा कुणी लावला नाही. ही भिंतीची ओकायची वेळ. मी एकदा हात मागे नेऊन भिंतीला लावला. कोमट होती, माणसाच्या तळव्याइतकी. बर्फ लिंबाएवढा झाला. मग आवळ्याएवढा. बायको दारात येऊन उभी राहिली, तिने पदर दातात धरला होता. मग देवळात पहिली घंटा झाली.

म्हाताऱ्याने तो तुकडा चिमटीत उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"फोन कर."

मी एका हाताने फोन लावला. दुसऱ्या हातातून पाणी मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत येत होतं. लेकीने पहिल्याच रिंगला उचलला. मी सावंतवाडीच्या मंडळींसाठी चार शुद्ध वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"ये गो, बाय," एवढंच म्हणालो.

पैसे त्याने घेतले, सगळे. मी एक नोट कमी दिली होती, सवयीने. त्याने न मोजता हात पुढे धरून ठेवला.

चैत्राच्या अखेरीला मुलगी झाली. त्या खोलीत ती दुपारच्या दुपारी झोपायची आणि आम्ही घरभर चवड्यांवर चालायचो. सव्वा महिना झाला आणि विहीण मायलेकींना न्यायला आल्या. मे संपत आला होता, बाहेर कातळावर पाय ठेववत नव्हता. जेवणं झाली, मी म्हटलं, जरा पडा आत. "नको नको, मला दुपारी झोपायची सवय नाही," म्हणाल्या आणि नातीशेजारी कलंडल्या. चारला वीज गेली. पाचला बायकोने चहा ठेवला आणि परत उतरवला. सहाच्या पुढे त्या बाहेर आल्या, गालावर चटईची नक्षी उमटलेली.

"राहू दे तिला अजून पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता, "मीही चार दिवस राहते म्हणते."

ही बातमी मी म्हाताऱ्याला सांगायला निघालो, तर तो घरी नव्हता. रस्त्यावरच्या ओल्या रेघेमागून गेलो. एका घराच्या पश्चिमेला शिडीवर उभा राहून पट्ट्यांच्या मधे काथ्याच्या गाद्या बसवत होता, खिळा तोंडात, हातोडी काखेत. मी खालून सगळं सांगितलं, रंगवून सांगितलं. त्याने तोंडातला खिळा काढला.

"विहीण खंयच्या भिंतीक लागान निजली?"

"पूर्वेच्या. कित्याक?"

"मगे आमच्या भिंतीचा काय कौतुक? पूर्वेक कोणय निजता."

"मेस्त्री, लाईट गेलली! मे म्हयनो! तीन तास निजली ती!"

"जेवणाक काय केललास?"

"आमरस."

"आमरस खाल्ल्यार माणूस भट्टीत पण निजता."

माझा तोल गेला. मी त्याच्या शिडीला हात घातला आणि मनात साठवलेलं सगळं काढलं. नाव, मांजरं, खोकी, पंखा. तोही वरून हातोडी नाचवत ओरडत होता. एवढ्यात त्या घरातली बाई धावत बाहेर आली, दोन्ही हात जोडून.

"हळू वो! आत बापूस निजलोहा. तीन दिसांनी डोळो लागलो तेंचो."

आम्ही दोघं एकदम गप्प झालो. दोघांनीही त्या अर्धवट भिंतीकडे बघितलं. मग तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला, वाकला, माझ्या कानापाशी तोंड आणलं आणि कुजबुजला, "तुझी विहीण निजल्याचा नाटक करता."

मीही तितक्याच हळू आवाजात त्याला एक शिवी दिली, आणि त्याला नीट उतरता यावं म्हणून शिडी धरून उभा राहिलो.